पुन्हा मॅडम

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून एक प्रयोगशाळा आहे. भिंतीपलीकडे दिवसभर चादरी घुसळून निघत असतात आणि अलीकडे तीन मोठे फ्रीझर घुमत असतात. त्या दोन आवाजांच्या मधे बसून, भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून काम करणाऱ्या बाईंना समोर सगळे नुसतं मॅडम म्हणतात, आणि पाठ वळली की पुन्हा मॅडम. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणीच कबूल करत नाही, पण ठेवणाऱ्याने नाव अगदी चपखल ठेवलंय. आकडा कितीही गोड आलेला असो, मॅडम चष्मा कपाळावर सरकवतात, तो कागद शाळा बुडवून घरी आलाय अशा नजरेने त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "छान आहे. पुन्हा करा."

लग्नाची गोष्टसुद्धा त्यांनी अशीच पुन्हा-पुन्हा तपासून बघितली, आणि शेवटी केलंच नाही, अशी त्यांची थट्टा होते. त्या स्वतःही हसतात. पण कामाच्या बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नाही.

काम असं. म्हातारपणी माणसाची आठवण खाऊन टाकणारा जो रोग आहे, त्यात रक्तातलं एक प्रथिन कमी होतं. ते किती कमी झालंय हे मोजता आलं, तर रोग लवकर ओळखता येईल. आता लोकांना वाटतं, चाचणी शोधून काढणं हेच मोठं काम. शोधणारे पुष्कळ असतात हो, त्यांचे फोटोही येतात. पण ती चाचणी दर वेळी, दर माणसात, दर ठिकाणी खरं बोलते का, हे वर्षानुवर्षं तपासत बसणारे थोडे. त्यांचे फोटो येत नाहीत. आणि जे एकदा सापडलंय तेच परत बघायला पैसे कशाला, असं म्हणून पैसेवाले त्यांना दारातूनच वाटेला लावतात. मॅडम त्या दुसऱ्या जातीच्या.

त्यांच्या या हट्टाला घरचं कारण होतं. आईचं सुरू झालं तेव्हा ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आई आपले कानातले स्वतःच कुठेतरी ठेवायची आणि मग सुनेने चोरले म्हणून घर डोक्यावर घ्यायची. वहिनी रडायची. एकदा शेजाऱ्यांसमोर आईने वहिनीची पर्स उपडी केली, आणि दादाचा तोल गेला. दोन वर्षं आई आणि दादा एका छताखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी रोगाचं नाव कळलं, तेव्हा दादा डॉक्टरांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती." त्यानंतर तो आईशी खूप बोलला. पण तोवर हा समोर बोलणारा कोण, हे आईला नीट उमगत नव्हतं.

तीच गोष्ट दोन वर्षं आधी कळली असती तर? मॅडमच्या सगळ्या कामामागे एवढा एकच प्रश्न होता, आणि तो त्यांना पुरत होता.

वर, तिसऱ्या मजल्यावर, मेंदूविकाराचे डॉक्टर बसायचे. देखणे, बोलघेवडे, पेशंटचे लाडके. रोगी त्यांचे आणि प्रयोगशाळा मॅडमची, अशी भागीदारी होती. दरवर्षी ठरलेल्या दिवशी रोगी यायचे, सोबत घरचं कुणीतरी यायचं. नवरा, बायको, भाऊ, जो असेल तो. रोग्याचं रक्त घ्यायचं आणि तुलनेसाठी त्या धडधाकट माणसाचंही घ्यायचं. आई होती तोवर दादाच तिला घेऊन यायचा, आणि त्याचंही रक्त त्या धडधाकटांत जमा व्हायचं. नळ्यांवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी सगळं मोजून होईपर्यंत बंद. अशी पाच वर्षं गेली, आई गेली, पहिल्या टप्प्याचे पैसे संपत आले. यादी उघडली, तेव्हा चित्र बघून डॉक्टरांनी टाळीच वाजवली. रोगी एका बाजूला, धडधाकट दुसऱ्या बाजूला, मधे स्वच्छ मोकळी जागा. हे घेऊन निधी देणाऱ्या समितीपुढे जायचं, दुसऱ्या टप्प्याचे पैसे मिळवायचे, मग दहा गावांतल्या दहा दवाखान्यांत चाचणी तपासायची, आणि मग ती लोकांच्या हाती द्यायची. पैसे नाही मिळाले, तर फ्रीझर दुसऱ्या विभागाला द्यायचे आणि दुकान बंद. समितीची बैठक तीन महिन्यांवर होती.

यादी उघडली तेव्हा मॅडमनी एक गोष्ट केली, जी करायची नसते. दादाचा आकडा पाहिला.

दादा आता आईला रोग लागला त्या वयाला येत होता. त्याचं फोटोफ्रेमचं दुकान. काच कापायची, पुठ्ठा कापायचा, सगळा खेळ मापाचा. मध्यंतरी त्याने एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोला पुठ्ठा चुकीच्या मापाने कापला, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. माप चुकतं हो कुणाचंही. पण आईचा मुलगा माप चुकला की ते नुसतं माप राहत नाही. तो दर रविवारी बहिणीला विचारायचा, "माझं काही आलं का गं?" आणि ती म्हणायची, "सांगता येत नाही, नियम आहे."

त्या रविवारी मात्र तिने वेगळंच उत्तर दिलं. म्हणाली, "नियम आहे. पण तू काळजी करू नकोस."

दादा काय समजायचं ते समजला. वहिनीने नंतर फोन करून सांगितलं, की हे आज दुकानात शीळ घालत होते.

इथवर सगळं गोड. खडा लागला तो एका ड्रायव्हरमुळे.

धडधाकट लोकांच्या त्या चित्रात एकच ठिपका घसरून रोग्यांच्या गर्दीत जाऊन बसला होता. तो होता एका बस ड्रायव्हरचा. हा गडी आपल्या मेहुण्याला घेऊन यायचा. मेहुणा रोगी, हा ठणठणीत. आधीच्या वर्षांचे त्याचे आकडे सरळ होते, यंदाचा तेवढा खाली आपटला होता. डॉक्टर म्हणाले, "एक ठिपका आहे. नळीत काही झालं असेल. वगळा."

"का वगळायचा?" मॅडमनी विचारलं.

"कारण तो चुकीचा आहे."

"चुकीचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टरांनी वर छताकडे बघितलं. "आता पुन्हा म्हणू नका हं."

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

ड्रायव्हर बिचारा घाबरून आला. रोगाचं हॉस्पिटल धडधाकट माणसाला आपणहून बोलावतं, तेव्हा कोण घाबरणार नाही? डॉक्टरांनी त्याला तासभर प्रश्न विचारले. त्याने बसचे सगळे थांबे सरळ म्हणून दाखवले, मग उलटे म्हणून दाखवले, मग कुठल्या थांब्यावर कुठली बाई सुट्ट्या पैशांवरून भांडते तेही सांगितलं. डोकं शाबूत होतं, इतकं शाबूत की डॉक्टरांना शेवटी त्याला थांबवावं लागलं. रक्त परत घेतलं. आकडा चांगला आला, पहिल्या वर्षांसारखा.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "नळीचीच चूक होती."

पण मॅडमच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरला. नळी तशीच, यंत्र तेच, माणूस तोच. मग घोडं अडलं कुठे? जाता जाता ड्रायव्हरलाच विचारलं, की त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का. तो ओशाळला. "तसं काही नाही मॅडम. माझी सकाळची पाळी होती. मी सिस्टरांशी जरा भांडलो. म्हटलं, माझं पहिलं घ्या, मेहुण्याला बसवतो इथे, बायको येईल त्याला न्यायला. त्या रागावल्या पण घेतलं."

रक्त पहिलं घेतलं म्हणून माणूस आजारी होतो की काय? मॅडम स्वतःशीच हसल्या. मग जिन्यात मधेच थांबल्या, आणि मग हसल्या नाहीत.

पाच वर्षांत रक्त घेण्याच्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या. नळ्या खाली यायच्या, त्या मोजायच्या. यादी उघडली तरी रोग्यांच्या ठरलेल्या भेटी चालूच होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम त्या खोलीत जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. तिथलं राज्य सिस्टरांचं. सिस्टर म्हणजे भरभक्कम बाई, आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला उभा असलेला माणूस सरळ होतो, आणि हात इतका हलका की सुई टोचल्याचं रोग्याला कापूस लावल्यावर कळतं. मॅडमना बघून त्या म्हणाल्या, "तपासणीला आलात की काय आमच्या?"

"नाही हो. बघायला आले. तुम्ही तुमचं करा."

सिस्टरांनी त्यांचं केलं. सगळे उपाशीपोटी आलेले. भुकेलेले रोगी कासावीस होतात, उठून चालायला लागतात, मला घरी न्या म्हणून रडतात. म्हणून सिस्टर आधी सगळ्या रोग्यांना घ्यायच्या. एकेकाचा हात धरून, "झालं बरं का राजा" म्हणत रक्त घ्यायच्या आणि लगेच चहा-बिस्किटं द्यायच्या. सगळे रोगी शांत झाले, की मग सोबतचे. नळ्या एका स्टँडमधे रांगेने उभ्या राहायच्या. शेवटच्या माणसाची नळी त्यात बसली, की आख्खा स्टँड उचलून गरगरा फिरवणाऱ्या यंत्रात. ते यंत्र जुनं, लावलं की खोलीत बोलणंही ऐकू येत नसे आणि रोगी दचकत, म्हणून सिस्टर ते सकाळी एकदाच लावत. फिरवलं की रक्ताचा गाळ खाली आणि वर पाणी. ते पाणी मॅडमकडे. दोन तासांच्या आत फिरवा, असा नियम होता. सिस्टरांनी तो कधीच मोडला नव्हता.

मॅडम स्टँडकडे बघत राहिल्या. पहिल्या रांगेतल्या नळ्या केव्हाच्या उभ्या होत्या, शेवटची नुकती आली होती. रोग्यांचं रक्त दर वर्षी, दर वेळी, ताटकळत उभं. धडधाकटांचं ताजं.

"सिस्टर, कायम असंच?"

"कायम. आधी पेशंट, मग सोबतचे. त्यांना का उपाशी ठेवायचं?" मग सिस्टरांचा चेहरा खुलला. "तुमच्या दादांसारखा माणूस मात्र पाहिला नाही हो. आईंचं झालं की स्वतः पार शेवटी जायचे. कुणीही दिसलं की, तुम्ही जा आधी, तुम्ही जा आधी. पाच वर्षांत एकदाही त्यांचा नंबर शेवटून दुसरासुद्धा लागला नसेल."

सिस्टरांनी हे कौतुकाने सांगितलं. मॅडमना मात्र त्यात दुसरंच ऐकू आलं. सगळ्यांत कमी उभं राहिलेलं रक्त दादाचं होतं. 'काळजी करू नकोस' म्हणून ज्या आकड्यावर त्या निश्चिंत होत्या, तो आकडा म्हणजे दादाचा चांगुलपणा होता, दुसरं काही नाही.

त्यांनी तिथेच बाही वर केली. "माझं घ्या. आठ नळ्या. एक लगेच फिरवा, बाकीच्या थोड्या थोड्या वेळाने, दोन तासांपर्यंत."

"उपाशी आहात का?"

"आता भूक गेलीच आहे."

आकडे आले. पहिल्या नळीतल्या मॅडम ठणठणीत होत्या. नळ्या उभ्या राहत गेल्या तशी प्रथिनं झडत गेली, आणि शेवटच्या नळीतल्या मॅडम चित्राप्रमाणे स्मृतिभ्रंशाच्या रोगी होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा केलं. तेच आलं.

त्यांनी हे जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. "म्हणजे सगळं पाण्यात?"

"सगळं की अर्धं, ते माहीत नाही. फरकातला काही भाग रोगाचा असेल, काही उभं राहण्याचा. किती कशाचा, हे या नळ्यांतून आता कधीच कळणार नाही."

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "समितीला आत्ता सांगायची काय गरज आहे? पैसे घेऊ. दुसऱ्या टप्प्यात लगेच फिरवायचं असा नियम करू. सगळं आपोआप नीट होईल. सांगितलंत तर पैसेही जातील, नावही जाईल, आणि तुमचं नीट करायचं राहूनच जाईल. याने कुणाचं भलं होणार?"

खरं सांगायचं तर या बोलण्यात दम होता, आणि मॅडमनाही तो जाणवला. त्या घरी जाऊन दोन दिवस त्यावर विचार करत राहिल्या. पण ड्रायव्हर काही डोक्यातून जाईना. समजा उद्या ही चाचणी बाजारात गेली. एखाद्या लांबच्या गावात सकाळी रक्त घेतलं आणि नळ्या न्यायला संध्याकाळी गाडी आली, तर त्या गावातले सगळे ड्रायव्हर वेडे ठरतील. त्यांच्या बायका रडतील. त्यांचे भाऊ त्यांच्याशी बोलायचे बंद होतील, नाहीतर फार गोड बोलायला लागतील, आणि ते त्याहून वाईट. खोट्या चित्रावर पैसे घेतले, की पुढे ते चित्र खरं ठरवायची घाई आपल्यालाच होते, हेही त्यांनी आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं.

परक्यांना सांगण्याआधी घरच्याला सांगायचं, म्हणून त्या दुकानात गेल्या. दादा काच कापत होता. त्याने रेघ पूर्ण केली, टिचकी मारली, काच सरळ रेषेत सुटली.

"बघ," तो म्हणाला, "हात कसा चालतोय."

"दादा, मी तुला काळजी करू नकोस म्हटलं होतं. ते मागे घ्यायला आलेय."

काचेवरचा हात तसाच राहिला. "वाईट आहे?"

"वाईट नाही. चांगलंही नाही. काहीच नाही. तुझा आकडा पाहायचा नव्हता, मी पाहिला. सांगायचं नव्हतं, सांगितलं. आणि आता तो आकडाच खोटा निघाला." मग त्यांनी सगळं सांगितलं, स्टँड, रांग, सिस्टर, चहा-बिस्किटं. शेवटी तो शेवटी उभा राहायचा तेही.

दादा चिडला. चिडणारच. "मी दोन महिने झोपलो नीट. दोनच महिने. तेवढे तरी ठेवायचे होतेस." तो दुकानाच्या मागच्या बाजूला गेला, तिथे उगाच पुठ्ठे हलवल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "समितीला सांगणार?"

"सांगणार."

"पैसे नाही मिळाले तर?"

"पुन्हा मागेन."

"अगं, तुझं हे पुन्हा-पुन्हा..." वाक्य अर्धं सोडून तो खुर्चीत बसला. "आई सांगत होती ते आपण पुन्हा तपासलं असतं ना, एकदा जरी... जा तू. सांग."

बैठकीची खोली लांबट होती, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि कुणीच न खाल्लेली बिस्किटं. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टरीणबाई, करड्या आवाजाच्या. मॅडमनी आधी ते देखणं चित्र दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर शेजारी डोळे मिटून बसले होते. मग मॅडमनी स्वतःच्या आठ नळ्यांचं चित्र दाखवलं.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या, "सकाळी धडधाकट, दुपारी रोगी."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी रांगेची गोष्ट सांगितली. सिस्टरांचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "रक्त कुठल्या क्रमाने घ्यायचं हे मी लिहून दिलं नव्हतं. रोग्यांना आधी घेतलं, कारण ते भुकेले होते. यात चूक असेल तर ती माझी, मी तो नियम करायला हवा होता."

"म्हणजे तुमची चाचणी चालत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माहीत नाही."

"माहीत नाही? मग पैसे कशाला मागताय?"

"माहीत नाही म्हणूनच मागतेय. माहीत असतं तर कशाला मागितले असते?"

डॉक्टरांनी डोळे उघडले. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.  मॅडमनी ड्रायव्हरची गोष्ट सांगितली, उलट्या थांब्यांसकट. लांबच्या गावातली संध्याकाळची गाडी सांगितली. "चाचणी शोधायला तुम्ही पैसे देता. ती खोटं कधी बोलते हे शोधायलाही द्या. नाहीतर ते लोकांच्या घरात शोधलं जाईल, आणि त्याचा खर्च त्यांच्यावर पडेल."

दहा गावांचे पैसे मिळाले नाहीत. वर्षभराचे, जेमतेम मिळाले, आणि तेही एका अटीवर. सगळ्या रोग्यांना आणि सोबतच्यांना परत बोलवा, नीट रक्त घ्या, आणि फरक उरतो का ते दाखवा. उरला तर बोलू. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर सांगितलं नसतं." थोडं चालून म्हणाले, "बरं झालं मी तुमच्या जागी नव्हतो."

पुन्हा रक्त घ्यायची पहिली सकाळ मात्र सिस्टरांना फार जड गेली. मॅडमनी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. "मी त्यांना चहा लवकर मिळावा म्हणून..." एवढंच म्हणत राहिल्या. मॅडमनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चहा लवकरच मिळणार. रांग तेवढी बदलायची." आता सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, ज्याची निघेल त्याचा नंबर, मग तो रोगी असो की मेहुणा. एक लहान, मुकं यंत्र घेतलं, नळी भरली की लगेच आत. नंबर येईपर्यंत रोगी कासावीस व्हायचे, तेव्हा सिस्टर एका हाताने सुई आणि दुसऱ्या हाताने समजूत असं दोन्ही सांभाळायच्या. ड्रायव्हर सुट्टी टाकून आला आणि वाट बघणाऱ्यांना बसचे थांबे ऐकवत बसला. त्याच्या मेहुण्याला त्यातले बरेच आठवत होते. काही कुटुंबं आली नाहीत. काहींचा माणूस गेला होता. मॅडमनी प्रत्येक घरी स्वतः फोन केला, चुकलं म्हणून सांगितलं, आणि पुन्हा या म्हणाल्या. एका बाईने फोनवर झापझाप झापलं आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

वर्ष संपलं. यादी उघडली. या वेळी ती मॅडमनी उघडली नाही. नावं कुणाची हे बघायची सोयच त्यांनी स्वतःसाठी ठेवली नव्हती, यादी दुसऱ्या संस्थेत दिली होती. तिथून नुसतं चित्र आलं. मधली मोकळी जागा गेली होती. दोन्ही घोळके कडेला एकमेकांत मिसळत होते. पण घोळके दोन होतेच, एक वर, एक खाली. फरक पूर्वीच्या अर्ध्याहूनही कमी होता, पण तो रोगाचा होता, दुसऱ्या कशाचा नाही. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिल्या. डॉक्टरांनी वाट पाहिली.

"म्हणा ना," शेवटी ते म्हणाले.

"या वेळी नको," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. काचा स्वच्छच होत्या.

दहा गावांचे पैसे आले. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या दिवशी मॅडम रक्त घेण्याच्या खोलीत आपल्या स्टुलावर बसल्या होत्या. वहिनीबरोबर दादा आला. आई नसल्याने तो आता कुणाच्या सोबत आलेला नव्हता, स्वतःच्या पायांनी, स्वतःसाठी आला होता. सिस्टरांनी डबा पुढे केला. दादाने चिठ्ठी काढली. पहिला नंबर.

त्याने मागे वळून बघितलं. एक म्हातारी काठी टेकून उभी होती. "तुम्ही जा आधी," दादा म्हणाला.

"बसा!" सिस्टर गरजल्या. कॉरिडॉरच्या टोकाचा माणूस सरळ झाला. "चिठ्ठीप्रमाणे!"

दादा निमूट बसला. त्याने बहिणीकडे बघितलं. "या वेळी तुला कळेल का?"

"नाही. मला कळणारच नाही अशी व्यवस्था केलीय."

"आणि मला?"

"चाचणी खरी ठरली, आणि तू विचारलंस, तर डॉक्टर सांगतील. वेळ लागेल, दादा."

दादाने मान हलवली. सिस्टर त्याच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. तो खाली बघूनच म्हणाला, "तोवर एक कर. उद्या मी तुझ्यावर कानातले चोरल्याचा आळ घेतला, तर बोलणं टाकू नकोस."

"भांडेन," मॅडम म्हणाल्या. "कडकडून भांडेन. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन."

"आणि तेव्हाही आळ घेतला तर?"

"तर पुन्हा."

"झालं बरं का राजा," सिस्टर म्हणाल्या, आणि नळी लगेच यंत्रात ठेवली.